आधी जेवा, मग आमेन

सर्वप्रथम एक तक्रार नोंदवते, कारण मी जिवंत असताना ती कोणी नोंदवून घेतली नाही.

माझे शेजारी श्री. मनोहरराव हे आमच्या चर्चच्या मंडळीच्या पंचकमिटीचे चिटणीस आहेत आणि त्यांच्याकडे कूलर आहे. दर उन्हाळ्यात त्या कूलरला वाळ्याच्या नव्या टट्ट्या बसतात. वाळ्याचा सुगंध मनोहररावांच्या घरात जातो आणि पाणी माझ्या खिडकीवरच्या पत्र्यावर पडतं. टप. मग जरा थांबून, आता बंद झालं असं वाटेपर्यंत थांबून, पुन्हा टप. पहिल्या उन्हाळ्यात मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पाहतो." दुसऱ्या उन्हाळ्यात म्हणाले, "प्रार्थनेत ठेवतो." तिसऱ्या उन्हाळ्यात म्हणाले, "मार्थाबाई, इस्राएल लोकांना वाळवंटात खडकातून पाणी मिळालं, तुम्हाला घरबसल्या पत्र्यावर मिळतंय. कुरकुर करू नये."

ही टपटप तीन उन्हाळे ऐकूनही माझं डोकं ठिकाणावर आहे. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात बुद्धी स्थिर असल्याचं लिहावं लागतं आणि डॉक्टरचा दाखला जोडलेला बरा. दाखला जोडला आहे. पुरावा मात्र वरचा धरावा.

तर मी, कुमारी मार्था शामुवेल हिवाळे, वय बावन्न वर्षे, धर्म ख्रिस्ती, धंदा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणे, जोडधंदा ऐकून न घेणे, राहणार सदर, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, आणि अनेकांच्या दडपणाला न जुमानता लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, खडे झालेत. मी म्हटलं, मिलोतले असतील. डॉक्टर वयाने लहान आहेत, त्यांना मिलो कळला नाही. पुढे येईल.

यापूर्वी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या वडिलांनी माझ्या वतीने एक मृत्युपत्र आधीच केलं होतं अशी पंचकमिटीची समजूत आहे. तिचा समाचार घराच्या कलमात घेते.

कलम १. माझ्या भावाचा मुलगा रविंद्र भिलाईला असतो. त्याला मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमते. माझी सगळी पुस्तकं आणि वडिलांचा रेल्वेतला गार्डाचा कंदील त्याला द्यावा. घराबद्दल मी त्याला पत्राने नव्हे, समोर बसवून विचारलं होतं. तो म्हणाला, "आत्या, घर नको. घराबरोबर मनोहरराव येतात." पोरगा शहाणा आहे, आमच्या घराण्यात उशिरा आला.

कलम २. मंडळीच्या मासिकात मी 'मागचं बाक' नावाचं सदर लिहीत असे. ते बंद करण्याचा ठराव छापून आला तेव्हा कारण दिलं होतं, जागेचा अभाव. त्याच अंकात नव्या चिटणिसांचा फोटो पानभर होता. सदराची सर्व कात्रणं मी पंचकमिटीला देते. ज्या पंचाला ती वाचून 'यात मी कुठेच नाही' असं छातीवर हात ठेवून सांगता येईल, त्याला माझी आरामखुर्चीही द्यावी. कोणीच पुढे आलं नाही तर खुर्ची रविंद्रला.

कलम ३. माझं सोनं म्हणजे आईच्या दोन बांगड्या. त्या पंचफुलाला, जी माझ्या अंगणातली खिचडीची चूल सांभाळते. पोस्टात जे काही असेल ते चुलीला: लाकूडफाटा, रॉकेल, मीठ, तेल, या क्रमाने. भजनाच्या नव्या पुस्तकांना नाही.

कलम ४. घर. हे कलम लांबणार आहे. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, दोन ओळीत होतं." होत असतं तर मनोहरराव टेप घेऊन आले नसते.

मागच्या महिन्यात मी पोटाच्या कळेने खाटेवर पडले होते. मनोहरराव भेटायला आले, द्राक्षं घेऊन. द्राक्षं ठेवली, तब्येत विचारली, आणि खिशातून लोखंडी टेप काढला. अंगणात जाऊन पंचफुलाला म्हणाले, "जरा हे टोक धर." पंचफुलाला वाटलं, चुलीवरच्या छपराला नवीन टिना बसवणार. तिने आनंदाने टोक धरलं. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"काऊन जी साहेब, टिना कधी आणता? पावसाच्या आधी आणा, नाईतर माह्या चुलीत पानी येते."

"टिना नाही गं. हॉल होणार आहे इथे. स्मारक सभागृह. बाईंच्या वडिलांच्या नावाने."

"अन् चूल?"

"सभागृहात चूल कशाला?"

"अन् मी?"

मनोहरराव म्हणाले, "टोक नीट धर, माप चुकतंय."

पंचफुलाने टोक सोडून दिलं. टेप सुर्रकन मागे गेला आणि मनोहररावांच्या अंगठ्याला लागला. मी खाटेवर हसले, कळ आली, तरी हसले. पण त्या दिवसापासून पंचफुला रोज झोपताना तिच्या मागच्या खोलीला आतून कडी लावते. नऊ वर्षांत तिने ती कधी लावली नव्हती. हे मृत्युपत्र मी त्या कडीसाठी लिहिते आहे.

आता पंचकमिटीचा दावा. माझे वडील शामुवेल हिवाळे यांनी रेल्वेच्या पगारातून हे घर बांधलं आणि दाराच्या वर सिमेंटमध्ये अक्षरं काढून घेतली: 'हे घर प्रभूचे.' मनोहररावांचं म्हणणं असं की प्रभूचं म्हणजे मंडळीचं, मंडळीचं म्हणजे पंचकमिटीचं, आणि वडिलांनी ते पाटी लावून जाहीर केलं आहे. यावर माझं उत्तर: घरपट्टी आजवर माझ्या वडिलांनी आणि त्यांच्यानंतर मी भरली, प्रभूच्या नावाने महापालिकेची एकही पावती निघालेली नाही. शिवाय मनोहररावांच्या स्कूटरच्या मडगार्डवर 'प्रभूची देणगी' असं लाल अक्षरात आहे. ती स्कूटर मी एकदा दवाखान्यात जायला मागितली होती. देणगीत पेट्रोल नव्हतं.

तरीही वडिलांचा शब्द मी मोडत नाही. घर प्रभूचं आहे हे मला मान्य आहे. प्रभू त्यात कोणाच्या रूपाने राहतो याबद्दल मतभेद आहे. त्यासाठी बहात्तरच्या दुष्काळात जे घडलं ते इथे नोंदवून ठेवते, म्हणजे उद्या कोर्टात कोणी विचारलं तर वाचून दाखवता येईल.

बहात्तरचा दुष्काळ नागपुरात पडला नाही, तो नागपुरात उतरला. यवतमाळ, बुलढाण्याकडून, त्याच्याही पलीकडून माणसं गाडीने यायची, स्टेशनाबाहेर झाडाखाली बसायची, तिथून पोलिसांनी उठवली की हळूहळू सरकत आमच्या चर्चच्या कंपाउंडच्या भिंतीला येऊन टेकायची. मंडळीने लापशी सुरू केली. श्रेय जिथलं तिथे देते: ठराव मनोहररावांनी मांडला होता, आणि पहिल्या दिवशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चूलही त्यांनीच पेटवली होती. तेव्हा ते चिटणीस नव्हते. परदेशातून मदतीचा मिलो यायचा, लाल ज्वारीसारखं धान्य, त्यात खडे भरपूर. त्याची भरड शिजवायची, वरून दुधाची भुकटी घालायची. शिजवायला माझ्या घरचा जर्मनचा मोठा गंज नेला होता. नाताळच्या प्रेमभोजनाला वडील त्याच गंजात शंभर माणसांचं शिजवायचे.

नियम एकच होता. आधी प्रार्थना, मग वाढणं. त्या वेळचे आमचे पाळक रेव्हरंड शालिकराम उमाळे. माणूस सोन्यासारखा, पण प्रार्थना पॅसेंजर गाडीसारखी. आदामापासून निघायची, जलप्रलयापाशी सिग्नलला थांबायची, मिसर देशात इंजिन बदलायचं, परतीच्या वाटेवर राष्ट्रपती, राज्यपाल आणि कलेक्टर यांना घ्यायची, आणि मग आमच्या मिलोपर्यंत पोचायची. तोवर मिलो गार. माणसं ताटल्या छातीशी धरून उभी असायची. शेवटी पाळकसाहेब मोठ्याने म्हणायचे, "आमेन!" आणि तो शब्द पडला की ओगराळं गंजात बुडायचं.

आता हे लोक ख्रिस्ती नव्हते. त्यांनी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. त्यांनी जे डोळ्यांना दिसलं त्यावरून अर्थ लावला. आठवड्याभरात त्या लापशीचं नावच आमेन पडलं.

"मास्तरीणबाई, आज आमेन पातय हाय जी."

"काल आमेनात मीठच नव्हतं."

"माह्या पोराले अजून थोडसं आमेन द्या, सकायपासून रडून राह्यलं."

मी मराठी मंडळीत जन्मले, रविवारी न चुकता आमेन म्हणत आले, पण हा शब्द मी इतक्या मनापासून म्हणताना कोणाला ऐकला नव्हता. पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं की सगळं कंपाउंड गर्जायचं, "आमेन!" मनोहररावांनी भिंतीआडून ती गर्जना ऐकली आणि त्यांना वाटलं, आत्मा उतरला. रविवारी त्यांनी जाहीर केलं की एवढ्या मोठ्याने तर आपली मंडळीही आमेन म्हणत नाही. यात ते चुकले नव्हते. आपल्या मंडळीने सकाळी नाश्ता केलेला असतो.

मग परदेशातून मिशनचे एक साहेब पाहणीला आले. इंग्रजी मला येत असल्यामुळे दुभाष्याचं काम माझ्याकडे. साहेबांनी रांगेतल्या एका बाईला पुढे बोलावलं. ती पंचफुला. पुसदच्या बाजूची, विधवा, सोबत म्हातारी सासू. साहेबांनी फार हळुवार आवाजात विचारलं, "आमेन म्हणजे तुम्हाला काय मिळालं?"

पंचफुला म्हणाली, "थे पोटात गेलं का जीव शांत होते, साहेब."

मी शब्दाला शब्द इंग्रजी केलं: ते आत गेलं की जीव शांत होतो. साहेबांनी डोळे मिटले.

"पन रोज पुरत नाई," पंचफुला म्हणाली. "आन् कधी कधी त्यात लय खडे लागते. तरी खाचं. आपल्याले काय, दात हायेत तोवर खाचं."

तेही मी जसंच्या तसं सांगितलं. साहेब म्हणाले, होय, श्रद्धेच्या वाटेवर खडे असतातच, आणि त्यांनी पंचफुलाचा हात हातात घेतला. पंचफुलाने दुसऱ्या हाताने ताटली पुढे केली.

साहेब गहिवरून परत गेले. आणि इथून प्रकरण हसण्याचं राहिलं नाही. पंचकमिटी बसली. मनोहररावांनी सुचवलं की पीक तयार आहे तर कापणीची सोय व्हावी. जे बाप्तिस्म्याच्या वर्गाला नाव देतील त्यांची पंगत वेगळी: शोधकांची पंगत. त्यांना आधी वाढायचं आणि घट्ट वाढायचं. उरलेल्यांना मागून, असेल ते. मी म्हटलं, "मनोहरराव, रांगेतले सगळेच शोधक आहेत. काय शोधतायत तेवढं बघा." ते म्हणाले, "बाई, विनोद मासिकात लिहा." तेव्हा सदर चालू होतं.

दोन पंगतींचा पहिला दिवस. सगळे मिटलेल्या डोळ्यांनी उभे. गाडी मिसर देशात पोचली होती. माझ्या पदराला कोणी तरी ओढलं. पंचफुला.

"मास्तरीणबाई, एक सांगा मले. आमेन म्हनल्यावर वाढता, का वाढल्यावर आमेन म्हनाचं?"

मी म्हटलं, "का गं?"

"माह्या सासूले समजवाचं हाय. थे बहिरी हाय ना. तिले आमेन आयकू येत नाई. काल सगय्यायनं म्हनलं, हे डोये मिटून तशीच हात जोडून उभी. डोये उघडले तवा गंज खाली. मी माह्यातलं देतो म्हनलं तं घेत नाई. म्हंते, देवानं मले वाढलं नाई, तं त्याचा काही राग असन."

म्हातारी तिथेच होती. डोळे घट्ट मिटलेले, हात जोडलेले, शेजारणीच्या कोपराचा धक्का लागला की समजावं म्हणून तिला चिकटून उभी. पोटात काल रात्रीचं पाणी असेल. आणि देवाचा राग कशाने झाला याचा विचार.

मी इंग्रजीची बाई आहे, मला धर्मशास्त्र येत नाही. पण मी आमेन न म्हणता ओगराळं उचललं आणि म्हातारीच्या ताटलीत गच्च भरून घातलं. प्रार्थना थांबली. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला. मनोहररावांनी दोन्ही.

"बाई, हे मंडळीचं काम आहे!"

"काम मंडळीचं," मी म्हटलं, "गंज माझा आहे."

आणि तो खरोखर माझा होता. पंगतीतल्या चार गड्यांना मी सांगितलं, उचला. त्यांनी कापडाच्या चुंबळी करून तो गरम गंज उचलला. चर्चच्या फाटकातून बाहेर, रस्ता ओलांडून, 'हे घर प्रभूचे' या अक्षरांखालून अंगणात. मागून दोन्ही पंगती. पाळकसाहेब कंपाउंडात एकटे उभे, हात अजून आशीर्वादाच्या अवस्थेत.

गंज आला, पण मिलोची पोती मंडळीच्या कोठीत, किल्ली कमिटीकडे. दुसऱ्या दिवशी काय शिजवायचं? माझ्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या कुसुमताई गजभिये इंदोऱ्यात राहतात. त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली. शाळेच्या व्हरांड्यात मी त्यांना सगळं सांगितलं. त्या पाच मिनिटं हसल्या, मग चष्मा पुसून म्हणाल्या, "मार्थाबाई, आम्हाला आमेन म्हणावं लागेल का?"

"नाही."

"कोणालाच?"

"जेवायच्या आधी तर कोणालाच नाही."

"मग गंज चढवा. दाण्याचं मी बघते."

त्यांनी त्यांच्या वस्तीत सांगितलं: रोज भात-भाकरीचं काढताना एक मूठ आधी बाजूला काढायची. इंदोऱ्यातून मुठी येऊ लागल्या. मग आमच्याच मंडळीतल्या बायका, नवऱ्यांच्या नकळत. मग गांधीबागेतल्या एका कापडवाल्याची आई, जी म्हणाली की तिला कोणत्याही धर्मात रस नाही, फक्त मूग पाठवते. म्हणून आमच्या गंजात तांदूळ, ज्वारी, मूग, हरभरा, जे येईल ते एकत्र शिजायचं. त्याला काय म्हणावं हे कोणालाच ठरवता येईना. लोक मात्र म्हणत होते, आमेन.

नियम मी एकच केला. आधी जेवा. हात धुतल्यावर ज्याला जे म्हणायचं ते त्याने म्हणावं, ज्याच्या देवाला, किंवा गप्प बसावं.

चौथ्या की पाचव्या दिवशी पाळकसाहेब आले. काळा झगा, हातात शास्त्र. कमिटीने पाठवलं होतं मला समज द्यायला. मी पदर खोचून तयार होते, बोलायची वाक्यं सुद्धा ठरवली होती. पण बोलायची वेळ आली नाही. पाळकसाहेब फाटकातून आत आले आणि अंगणात जेवत बसलेल्या माणसांनी त्यांना पाहिलं. एकाने घास ताटलीत परत ठेवला. मग दुसऱ्याने. मग सगळ्या अंगणाने. पोरांच्या हातातल्या ताटल्या आयांनी काढून घेतल्या. सगळे उठून उभे राहिले, डोळे मिटले, हात जोडले. त्यांना वाटलं, प्रार्थनेवाले आले, आता आमेन होईपर्यंत खायचं नाही. पंचफुलाच्या सासूच्या तोंडात घास होता. तो तिने गिळला नाही, तसाच गालात धरून उभी राहिली.

मी पाळकसाहेबांकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी लिहीत नाही. त्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या जेवणावर आशीर्वाद मागितला होता, आणि त्याला पाहून लोकांनी तोंडातला घास थांबवला होता.

त्यांनी तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, निघाली गाडी.

पाळकसाहेब म्हणाले, "जेवा."

एवढंच. कोणी हललं नाही. त्यांना पुढच्या शब्दाची वाट होती. तेव्हा पाळकसाहेब पंचफुलाच्या सासूपुढे जमिनीवर बसले, तिच्या ताटलीला बोट लावलं, आणि तिला ऐकू येत नाही हे आठवून स्वतःच्या तोंडाकडे हात नेऊन खूण केली: खा. म्हातारीने घास गिळला. मग अंगण जेवायला बसलं.

समज देणं राहूनच गेलं. झगा काढून त्यांनी माझ्या दोरीवर टाकला आणि ओगराळं हातात घेतलं. हे प्रवचन मी त्यांच्याकडून ऐकलेल्यांपैकी सर्वांत चांगलं, असं मी 'मागचं बाक'मध्ये लिहिलं. तो सदराचा शेवटचा लेख.

पाऊस आला तशी बहुतेक माणसं गावी परतली. पंचफुला आणि तिची सासू राहिल्या. चूलही राहिली, कारण सरकारी दवाखान्यात खेड्यांवरून पेशंट येतात आणि त्यांच्याबरोबरची माणसं व्हरांड्यात उपाशी बसतात. दुष्काळ संपल्याचं त्यांना अजून कोणी कळवलेलं नाही. म्हातारी चार वर्षांपूर्वी गेली. पंचफुला आहे. तिच्या हातून मीठ जास्त पडतं, ती घोरते, मुठी आणणाऱ्या बायकांशी भांडते, आणि कांदा मी चिरला तर तो पुन्हा चिरते. मनोहररावांची हरकत वेगळी आहे. ते म्हणतात, "बाई अजून ख्रिस्ती झालेली नाही. देवीला नवस बोलते." मी स्वतः तिच्यासाठी रोज प्रार्थना करते आणि माझा प्रभू मी कोणाकडे उसना मागितलेला नाही, पण खिचडीचा बाप्तिस्मा होत नाही.

म्हणून:

सदर येथील माझे घर, अंगण, चूल, छप्पर आणि मागची खोली यांत पंचफुला हिला तिच्या हयातीपर्यंत राहण्याचा व चूल चालवण्याचा पूर्ण हक्क मी देते. तिला कोणीही, मंडळीने, पंचकमिटीने, माझ्या नातलगांनी, बाहेर काढू नये. तिच्यानंतर व्यवस्थापकाने, तेव्हा ज्या बायका मुठी आणत असतील त्यांना बोलावून, चूल कोणी सांभाळायची ते त्यांच्याकडून ठरवून घ्यावे आणि घराचा रीतसर न्यास नोंदवावा. दारावरची अक्षरं पुसू नयेत.

कलम ५. जर्मनचा गंज, ओगराळी आणि ताटल्या चुलीबरोबर राहतील. गंज कोणत्याही कार्यक्रमाला उसना देऊ नये.

कलम ६. अंगणात जेवणाऱ्याला नाव, जात, धर्म विचारू नये. त्याचा फोटो काढू नये. संगमरवरी फरशीवर कोणाचं नाव कोरू नये, माझं तर नाहीच. जेवणाआधी मोठ्याने प्रार्थना करू नये. फारच उचंबळून आलं तर गंजावर झाकण असताना, मनातल्या मनात.

कलम ७. मला आमच्या दफनभूमीत, वडिलांच्या शेजारी पुरावे. विधी मंडळीच्या रीतीप्रमाणे व्हावा, त्यात मी काही बदल सुचवत नाही. फक्त वेळ दुपारची ठेवावी आणि आलेल्यांना आधी जेवू घालावे. प्रवचन रेव्हरंड उमाळे यांनी करावे. ते आता निवृत्त आहेत, आठवड्यातून दोनदा येऊन लसूण सोलतात, आणि अलीकडे त्यांच्या प्रार्थना मिसरच्या अलीकडेच थांबतात. मनोहररावांना बोलायचं असेल तर बोलू द्यावं. चूल पहिल्यांदा त्यांनी पेटवली होती हे त्यांना आठवण करून द्यावं. ते विसरले आहेत, मी विसरलेले नाही.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, पंचफुलाला मोठ्याने वाचून दाखवले, तिने कलम ३ मध्ये मिठाच्या आधी तेल घाला म्हणून भांडण केले, मी ऐकले नाही, आणि साक्षीदारांच्या समोर खाली सही केली. साक्षीदारांनी माझ्या समोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. साक्षीदारांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, लसूण सोडून.

सही: मार्था शामुवेल हिवाळे

साक्षीदार: १. रेव्ह. शालिकराम उमाळे, निवृत्त पाळक, नागपूर
२. कुसुमताई गजभिये, शिक्षिका, इंदोरा, नागपूर

ठिकाण: नागपूर. तारीख: १४ मे १९८१.

सहीच्या खाली लिहिलेलं कायदा धरत नाही, असं वकीलसाहेब म्हणाले. म्हणून हे खाली लिहिते.

मनोहरराव, हे वाचाल तेव्हा मी नसेन. आपल्या दोघांच्या अंगणांमधल्या भिंतीवर नऊ वर्षं रोज सकाळी एक स्टीलची वाटी येऊन बसते. कधी तांदूळ, कधी तुरीची डाळ. वाटीवर तुमचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली आहे. लतिकावहिनींनी मला कधी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. म्हणजे तुमच्या घरची मूठ पहिल्या आठवड्यापासून या गंजात आहे. यावरून वहिनींना एक शब्दही बोलू नका. बोललात तर पंचफुला आहे.

आज सह्यांच्या गडबडीत सकाळची वाटी माझ्याकडेच राहिली होती. आमच्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत. साक्षीदार चहा पीत होते तेवढ्यात मी ती घासली, पुसली, आत दोन शेंगदाण्याचे लाडू ठेवले आणि वरून बशी झाकून भिंतीवर ठेवून आले.